विकर, विकार आणि एक काना



मधुमेह झाल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी गोड गोळ्यांची एक छोटी डबी आली आहे. अ‍ॅस्पार्टेमच्या गोळ्या, चहात टाकायच्या. तीस-पस्तीस वर्षं वह्या तपासल्यावर छापलेलं काहीही वाचल्याशिवाय हातातून ठेववत नाही, म्हणून डबीवरचं मुंगीच्या पायाएवढं अक्षरसुद्धा भिंग घेऊन वाचलं. हे उत्पादन फेनिलकेटोन्यूरिक व्यक्तींसाठी नाही, अशा अर्थाची सूचना होती. आता हे कोण बुवा? घरात चौघांना विचारलं. एकाने 'काहीतरी किडनीचं असेल' असं ठोकून दिलं. (आमच्या घराण्यात 'माहीत नाही' हे दोन शब्द कुणी उच्चारत नाही, हे इथे वाचायला येणाऱ्या नातेवाइकांना मी सांगायला नको.)

शेवटी भाचेसुनेला फोन लावला. लग्नकार्यात कुणी विचारलं की तिच्याबद्दल आपण सगळे 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगतो. प्रत्यक्षात ती संगणकावर विकरांच्या प्रतिकृती तयार करते, आणि त्यातही शरीरातल्या अमिनो आम्लांचं प्रमाण सांभाळणाऱ्या विकरांच्या. डबीवरचा तो लांबलचक शब्द म्हणजे तिच्या रोजच्या कामाचाच भाग निघाला. दीड तास बोलली. त्यातलं मला जेवढं कळलं, त्यानंतर मी जे वाचलं आणि त्यावर माझं जे मत झालं, ते आज लिहिते आहे. मत थोडं लांबणार आहे.

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात. मराठीच्या शिक्षिकेच्या डोळ्यांना पहिली गोष्ट काय दिसावी? विकर आणि विकार यांच्यामध्ये फक्त एक काना आहे. भाचेसुनेला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आमचा अख्खा विषय एका कान्यात आणलात."

ते कसं, पाहा. आपल्या शरीरातली प्रथिनं वीस अमिनो आम्लांची बनतात. वीस अक्षरांची वर्णमाला समजा. फेनिलअ‍ॅलनीन हे त्यांतलं एक अक्षर. शरीराला ते स्वतः बनवता येत नाही, डाळ, दूध, अंडी, शेंगदाणे यांतून घ्यावं लागतं. लागतं तर खरं, पण साठलं तर मेंदूला घातक. म्हणून यकृतात एक विकर असतं, फेनिलअ‍ॅलनीन हायड्रॉक्सिलेज. जास्तीचं फेनिलअ‍ॅलनीन पकडायचं आणि त्याचं टायरोसीन नावाचं दुसरं अमिनो आम्ल करायचं, हे त्याचं काम. हे विकर म्हणजे ४५२ अक्षरांचं एकच सलग वाक्य आहे. त्यातलं एखादं अक्षर आईवडिलांकडून येताना बदललं तर काय होईल?

नारायणराव पेशव्यांच्या खुनाची (१७७३) आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. 'धरावे'चं 'मारावे' झालं. इतिहासकार तिच्याबद्दल काहीही म्हणोत, 'ध चा मा' हा वाक्प्रचार भाषेत कायमचा बसला. या विकरात असे एक हजाराहून अधिक 'ध चा मा' आजवर सापडले आहेत. युरोपात सर्वाधिक आढळणारा म्हणजे ४०८ व्या जागी अर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन येणं. ४५२ पैकी ४५१ अक्षरं बरोबर असूनही वाक्य निकामी. शुद्धलेखनाला मार्क कशाला ठेवता, असं विचारणाऱ्या पालकांना सांगायला हे उदाहरण मला नोकरीत असताना मिळायला हवं होतं!

अर्थात प्रत्येक चूक तेवढी जीवघेणी नसते. काही चुकांनी विकराचं काही बिघडत नाही, काहींनी ते अर्ध्या ताकदीने चालतं, काहींनी त्याची घडीच नीट बसत नाही आणि पेशी त्याला मोडीत काढते. कुठली चूक कोणत्या जातीची हे ओळखायचं, तर आधी ते विकर मुळात चालतं कसं हे कळायला हवं. भाचेसुनेच्या संगणकाचं काम इथून सुरू होतं.

या विकराचं चालणं मोठं मजेशीर आहे. ते सतत जोरात चाललं तर आवश्यक तेवढं फेनिलअ‍ॅलनीनही संपवून टाकेल. म्हणून एरवी ते झोपलेलं असतं. चार सारख्या तुकड्यांची त्याची रचना, आणि प्रत्येक तुकड्याला एक नियंत्रक भाग, ज्याचं शेपूट कामाच्या जागेच्या तोंडावर आडवं पडलेलं. रक्तात फेनिलअ‍ॅलनीन वाढलं की त्याचेच रेणू या नियंत्रक भागांपाशी जाऊन बसतात, ते भाग जागा सोडून दोन-दोनच्या जोड्या लावतात, शेपूट बाजूला होतं आणि काम सुरू. गर्दी वाढली की आपणहून जास्तीच्या खिडक्या उघडायच्या आणि ओसरली की मिटायच्या. आमच्या एसटी स्टँडवर असा एखादा कंट्रोलर असता तर किती बरं झालं असतं.

हे सगळं सूक्ष्मदर्शकातून कुणी पाहिलेलं नाही. फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रातल्या आयलीन जाफी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये संगणकावर जागेपणीच्या रूपाची प्रतिकृती बांधून, असं असावं, असं मांडलं. २०१६ मध्ये उंदराच्या अख्ख्या विकराची झोपेतली रचना स्फटिकांवरून उलगडली. त्याच वर्षी माणसाच्या विकराचा नुसता नियंत्रक भाग घेऊन केलेल्या स्फटिकांत फेनिलअ‍ॅलनीन दोन भागांच्या सांध्यात बसलेलं दिसलं. प्रतिकृती आधी, पुरावा नंतर. मला हा क्रम फार आवडला. प्रतिकृतीने विधान केलं आणि पुढे येणाऱ्या पुराव्यापुढे ती तपासायला उभी राहिली.

अशा प्रतिकृती चालवणं म्हणजे काय कष्ट असतात, तेही ऐका. विकरातला एकेक अणू आणि भोवतालचं पाणी घ्यायचं, प्रत्येकावर कुठून किती ओढ आहे ते काढायचं, सगळ्यांना एक सूतभर हलवायचं, पुन्हा ओढ काढायची. हे एक पाऊल म्हणजे साधारण दोन फेम्टोसेकंद. लहानपणी आजोबा अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य असं पाठ करून घ्यायचे, ते आठवतं का कुणाला? त्यातला 'अंत्य' म्हणजे एकावर पंधरा शून्यं. सेकंदाचे तेवढे भाग केले की त्यातला एक म्हणजे फेम्टोसेकंद. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात काय घडतं एवढं पाहायला ५० कोटी पावलं मोजावी लागतात, आणि विकराची मोठी हालचाल त्याच्याही हजारपट वेळ घेऊ शकते. आजोबांना 'अंत्य'चा उपयोग काय विचारलं असतं तर छडी मिळाली असती. उपयोग हा असा साठ वर्षांनी निघाला.

या विद्येत आपलाही जुना वाटा आहे बरं का. मद्रासच्या विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये, प्रथिनाच्या साखळीला कुठल्या कोनांत वळता येतं आणि कुठल्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा काढला. संगणकाने बांधलेली कुठलीही रचना आजही त्या नकाशावर घासून पाहतात. पुढे वॉर्शेल आणि लेव्हिट यांनी १९७६ मध्ये लायसोझाइम या विकराच्या आतल्या रासायनिक क्रियेची प्रतिकृती केली. कारप्लस यांच्यासह त्या दोघांना २०१३ चं नोबेल मिळालं. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल पुन्हा याच मुलखात गेलं. निम्मं नवी प्रथिनं रचणाऱ्या बेकर यांना आणि निम्मं आल्फाफोल्ड करणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना. आल्फाफोल्ड अक्षरांवरून घडी सांगतो. पण भाचेसून म्हणते की तो फोटो देतो, चलच्चित्र नाही, आणि एकच अक्षर बदललेलं वाक्य दिलं तर पुष्कळदा जवळपास तोच फोटो परत देतो. 'ध' आणि 'मा' त्याला सारखेच दिसतात म्हणा ना.

त्या अडचणीसाठी २०२३ मध्ये आल्फामिसेन्स आलं. माणसाच्या सगळ्या प्रथिनांत एकेक अक्षर बदलून होणाऱ्या ७ कोटी १० लाख संभाव्य चुका त्याने तपासल्या. ५७ टक्के बहुधा निरुपद्रवी, ३२ टक्के बहुधा घातक, उरलेल्या ११ टक्क्यांवर 'सांगता येत नाही' असा शेरा. त्या ११ टक्क्यांमुळे मला या यंत्राबद्दल आदर वाटला. आमच्या घराण्यात ते खपलं नसतं.

इथवर कौतुक झालं. आता माझं म्हणणं.

हा आजार मुळात सापडला तो एका आईमुळे. नॉर्वेतल्या बोर्गनी एगेलँड यांची दोन मुलं, लिव आणि डाग, जन्मतः ठीक होती आणि वाढता वाढता मतिमंद होत गेली. मुलांना एक विचित्र वास येतो, हे त्या डॉक्टरांमागून डॉक्टरांना सांगत राहिल्या. कुणी ऐकेना. १९३४ मध्ये आस्ब्यर्न फ्योलिंग या रसायनशास्त्रही शिकलेल्या डॉक्टरांनी ऐकलं. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं तर ती हिरवी झाली, आणि ते हिरवं कशामुळे हे त्यांनी चिकाटीने शोधून काढलं. मग संस्थांमधल्या ४३० रुग्णांची लघवी तपासली. आठ जणांत तेच सापडलं. लिव आणि डाग यांना मात्र उपयोग झाला नाही, तेव्हा उपाय नव्हता.

उपाय १९५१ मध्ये निघाला, तोही एका आईच्या हट्टाने. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला शीला नावाची (हो, शीलाच) दोन वर्षांची मुलगी होती. तिची आई रोज सकाळी हॉर्स्ट बिकेल यांच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहायची, काहीतरी करा म्हणून. बिकेल आणि सहकाऱ्यांनी फेनिलअ‍ॅलनीन काढून टाकलेला आहार तयार केला. काही महिन्यांत शीला रांगायला लागली, उभी राहायला लागली, डोकं आपटणं थांबलं. सुधारणा आहारामुळेच आहे हे सिद्ध करायला त्यांनी आईला न सांगता फेनिलअ‍ॅलनीन पुन्हा मिसळलं, आणि काही तासांत मुलीची घसरण सुरू झाली. पुरावा पक्का मिळाला. विज्ञानाच्या दृष्टीने ते बरोबर असेल, पण त्या आईला न सांगता केलं ते मला आजही पटत नाही.

तिसरी गोष्ट रॉबर्ट गथ्री यांची. अमेरिकेतल्या बफेलोचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ. त्यांचा एक मुलगा मतिमंद होता, आणि पुतणी-भाचीच्या नात्यातल्या एका मुलीला हाच आजार, उशिरा कळलेला. त्यांनी १९६० च्या सुमारास युक्ती काढली: बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा, कागदाची टिकली जीवाणूंच्या थाळीत ठेवायची. रक्तात फेनिलअ‍ॅलनीन जास्त असेल तरच टिकलीभोवती जीवाणू वाढतात. कागद पोस्टाने पाठवता येतो. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९६३ मध्ये ही तपासणी सक्तीची केली, आणि पुढे जगभर लाखो बाळांच्या टाचा टोचल्या गेल्या. पहिल्या काही आठवड्यांत कळलं आणि आहार सांभाळला तर हे मूल इतरांसारखं शाळेत जातं, नोकरी करतं. उशिरा कळलं तर गेलेली बुद्धी परत येत नाही.

म्हणजे पाहा, विकराची रचना ठाऊक नसताना, आल्फाफोल्डच्या साठ वर्षं आधी, एका टिपकागदाने मुलं वाचवली. आणि आज ७ कोटी चुकांची यादी तयार असताना आपल्या देशात ही तपासणी सगळीकडे सक्तीची नाही. गोव्याने २००८ मध्ये राज्यभर नवजात तपासणी सुरू केली होती, केरळात सरकारी रुग्णालयांत काही आजारांसाठी ती होते, आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या खाजगी रुग्णालयांत पैसे भरले की मिळते. तालुक्याच्या ठिकाणी बाळंत होणाऱ्या बाईला तिचं नावही माहीत नसतं. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात फेनिलकेटोन्यूरियाचं नाव आहे. पण यादीत नाव असून काय उपयोग, मूलच सापडलं नाही तर?

आमच्या जुन्या शाळेच्या रस्त्यावर एक घर होतं. ओसरीवर दोन भावंडं बसलेली असायची, घरातल्या कुणाशी न जुळणारी गोरी, पिंगट केसांची. शाळेत कधी आली नाहीत. 'पूर्वजन्मीचा भोग' असं गाव म्हणायचं आणि पुढे जायचं. या आजारात टायरोसीन कमी पडल्याने त्वचा-केसांचा रंग फिका राहतो, हे मी आत्ता वाचलं. त्यांना हेच होतं असं मी म्हणत नाही, पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून निदान करायला मी काही आल्फामिसेन्स नाही. पण कुणी कधी तपासलंच नाही, एवढं नक्की.

भाचेसुनेला मी म्हटलं, आधी टाच, मग तुमचा संगणक. ती रागावली नाही. म्हणाली, "मावशी, संशोधनाचे पैसे आणि आरोग्याचे पैसे एका खिशातून येतच नाहीत. माझा संगणक बंद केला म्हणून कुणाची टाच टोचली जाणार नाही." हे खरं आहे, ते मान्य करते. शिवाय प्रतिकृतींचा उपयोगही दिसतो. या विकराला कामासाठी लोह आणि एक मदतनीस रेणू लागतो. त्याच मदतनिसाचं औषध, सॅप्रोप्टेरिन, अमेरिकेत २००७ मध्ये मंजूर झालं. काही रुग्णांतच ते लागू पडतं, कारण कुठलं अक्षर बदललं यावर ते अवलंबून. २०१८ मध्ये तर आणखी गंमत झाली. एका नील-हरित जीवाणूचं वेगळंच विकर प्रौढांसाठी इंजेक्शन म्हणून आलं, पेग्व्हॅलिएज. ते फेनिलअ‍ॅलनीनचं सिनॅमिक आम्ल करतं, म्हणजे दालचिनीच्या घराण्यातलं. त्या विकराचे रेणू एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात दोन अक्षरं मुद्दाम बदलली आहेत. उपकारक 'ध चा मा'! (तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका आहे, दर रोज टोचून घ्यावं लागतं, तेव्हा सोपं अजिबात नाही.)

तरीही माझा हट्ट कायम आहे, आणि तो पैशांपुरता नाही. आता पाच-सहा हजारांपासून जनुकांचे रिपोर्ट मिळू लागलेत. त्यांत 'बहुधा घातक' असा संगणकाचा शेरा येतो आणि घरात त्याचं 'घातक' होतं. 'बहुधा' गळून पडतो. शास्त्रज्ञ एकट्या संगणकाच्या शेऱ्यावर निदान करत नाहीत, रक्तातलं फेनिलअ‍ॅलनीन मोजतात. बाळाला दोन प्रती मिळतात, आईची एक, वडिलांची एक, दोघींतल्या चुका वेगळ्या असू शकतात, आणि जोडीने त्या कशा वागतील हे एकेका चुकीच्या गुणांवरून नीट सांगता येत नाही. त्यात या यंत्रांनी शिकायला घेतलेली जनुकीय माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची. जीनोमइंडियाने १०,००० भारतीयांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, ती आता कुठे सुरुवात.

आणि आपल्याकडे रिपोर्ट आला की पहिला प्रश्न काय येतो? "कुणाकडून आलं?" उत्तरही ठरलेलं असतं, सुनेच्या माहेराकडून. मंडळी, हा विकार व्हायला दोन्हीकडच्या चुका लागतात. एका बाजूने येऊच शकत नाही. आईवडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता. आणि आपल्या बाजूला मामाच्या मुलीशी लग्न हौसेने लावतात, तिथे एकच चूक दोन्ही वाटांनी येऊन भेटायची शक्यता वाढते. आपल्याच गोतावळ्यात अशी तीन लग्नं आहेत, तिन्ही घरं हा ब्लॉग वाचतात. राग यायचा असेल तर येऊ दे. सुनेला बोल लावायच्या आधी हा परिच्छेद पुन्हा वाचा.

आहाराचं म्हणाल तर आपल्या घरात तो जड जाईल. वरण नाही, दूध नाही, शेंगदाण्याचं कूट नाही, भात तोलून. प्रथिनांसाठी फेनिलअ‍ॅलनीन वगळलेली भुकटी, ती महाग आणि बरीचशी आयात. उपासाचा साबुदाणा मात्र चालतो, त्यात प्रथिन नावालाच असतं. कूट न घालता खिचडी खायची, म्हणजे कोकणस्थी काटकसरीचीही पुढची पायरी. पण मूल शाळेत जाणार असेल तर एवढं करू.

ज्या घरात येत्या श्रावणात बाळ यायचं आहे त्यांच्यासाठी: दवाखान्यात आत्ताच विचारून ठेवा, नवजात तपासणी करता का आणि कोणकोणत्या आजारांची. त्याच थेंबातून थायरॉइडही कळतं, आणि त्याची गोळी अगदी स्वस्त असते. थेंब बाळाने दूध प्यायला सुरुवात केल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घ्यायचा असतो. लवकर घरी सोडलं तर तो राहून जातो. रिपोर्टवर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरांकडे जा. आणि तो आणायला सुनेला एकटीला पाठवू नका, मुलालाही बरोबर धाडा.